वारेपासून टाकीपर्यंत : एका औषधाचा इतिहास



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला की तो संपाविषयी, महागाईभत्त्याविषयी किंवा गिरण्यांच्या जमिनींविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही एका औषधाचा इतिहास सांगणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. जे काही शिकलो ते कारखान्याच्या दाराशी आणि सार्वजनिक वाचनालयात. परंतु कारखाना दिसला की तीन प्रश्न विचारावयाचे, एवढे शिक्षण चळवळीने आम्हांला दिले आहे. कच्चा माल कोणाचा? श्रम कोणाचे? आणि तयार झालेला माल कोणाच्या घरी जातो? ज्या कारखान्यात मनुष्यदेहातील पेशीच कामाला लावलेल्या आहेत, त्यालाही हेच तीन प्रश्न विचारले पाहिजेत. किंबहुना तेथे ते अधिक निकडीचे आहेत.

१८८२ साली पॅरिसमध्ये फिलिप गोशे नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात एका ३२ वर्षांच्या स्त्रीची हकीकत लिहिली. तिची प्लीहा, म्हणजे आपण जिला पानथरी म्हणतो ती, बेसुमार वाढली होती. हे प्लीहेचे अर्बुद असावे असे गोशेला वाटले. ते अर्बुद नव्हते. परंतु रोगाला त्याचे नाव चिकटले ते कायमचेच. या रोगात पोट फुगते, अंगात रक्त राहत नाही, हाडे दुखतात आणि सहज मोडतात. काही प्रकारांत मेंदूलाही बाधा होते. आई आणि बाप या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यावाचून तो होत नाही, म्हणून तो विरळा आहे. विरळा आहे याचा अर्थ, ज्याच्या घरी तो आला त्याचे दुःख हलके आहे असा मात्र नव्हे.

या रोगाचे मर्म समजण्यास ऐंशीहून अधिक वर्षे लागली. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी सुमारे चार महिने जगतात. त्या जीर्ण झाल्या की प्लीहा, यकृत आणि अस्थिमज्जा येथील भक्षक पेशी त्यांना गिळून त्यांची विल्हेवाट लावतात. भक्षक पेशी म्हणजे शरीराचे सफाई कामगारच म्हणा ना. तांबड्या पेशींच्या वेष्टनातील चरबीपासून ग्लुकोसेरेब्रोसाइड नावाचा एक पदार्थ उरतो. त्याचे तुकडे करण्यासाठी भक्षक पेशीपाशी एक विकर असते. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. गोशेच्या रोग्यात हे विकर सदोष किंवा अपुरे असते. सफाई कामगार कामावर हजर आहे, परंतु त्याच्या हातात झाडूच नाही, अशी ही अवस्था होय. मग कचरा साचतो, पेशी फुगतात, पानथरी वाढते.

बेल्जियममध्ये ख्रिश्चन द दुव्ह यांनी १९५५ साली पेशीतील ही कचराकोठी दाखवून दिली आणि तिला लायसोसोम हे नाव मिळाले. पुढे १९६५ च्या सुमारास अमेरिकेतील बेथेस्डा येथे राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रॉस्को ब्रॅडी यांनी गोशेच्या रोगात कोणते विकर कमी पडते हे सिद्ध केले. ही संस्था सरकारी आहे आणि ब्रॅडी हे सरकारचे नोकर होते. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

रोगाचे कारण कळले. आता उपाय उघड होता. जे विकर शरीरात नाही ते बाहेरून द्यावयाचे. परंतु ते आणावयाचे कोठून? मानवी विकर मानवी देहातूनच काढावे लागणार. जिवंत माणसाचे यकृत कोणी कापून देत नाही. ब्रॅडी आणि त्यांचे सहकारी पीटर पेंचेव्ह यांना उत्तर सापडले ते बाळंतिणीच्या खोलीत. मूल जन्मल्यावर वार पडते. आपल्याकडे ती पुरतात. रुग्णालयात ती फेकून देतात. याच वारेतून त्यांनी ते विकर शुद्ध केले आणि १९७४ साली दोन रुग्णांना दिल्याचे प्रसिद्ध केले.

पहिले यश अर्धवटच होते. विकर रक्तात सोडले, परंतु ते जावयाचे तेथे न जाता यकृताच्या दुसऱ्याच पेशींत जाऊन बसे. टपाल निघाले होते, पत्ता चुकीचा होता. या प्रथिनाच्या अंगावर शर्करांच्या साखळ्या लटकलेल्या असतात आणि भक्षक पेशी मॅनोज नावाची शर्करा ओळखून माल आत घेतात, हे पुढे कळले. तेव्हा साखळीची टोके छाटून मॅनोज उघडे करावयाचे, अशी युक्ती निघाली. हे सुधारलेले विकर १२ रुग्णांना दिल्याचा वृत्तान्त १९९१ साली प्रसिद्ध झाला. बाराही जणांचे रक्त वाढले, बाराही जणांची प्लीहा ओसरली. ज्या रोगापुढे वैद्य शंभर वर्षे हात बांधून उभा होता, त्याच्यावर औषध सापडले. मेंदूची बाधा मात्र त्याने बरी होत नाही, कारण रक्तातून दिलेले विकर मेंदूत शिरत नाही. पण पोटाचा नगारा झालेली मुले खेळू लागली, ही काय लहान गोष्ट आहे?

त्याच वर्षी अमेरिकेतील जेन्झाइम या कंपनीला हे औषध सेरेडेज या नावाने विकण्याची परवानगी मिळाली. आता कच्च्या मालाचा हिशेब पाहा. एका मोठ्या माणसाला वर्षभर पुरेल एवढ्या औषधासाठी सुमारे २०,००० वारा लागत. फ्रान्समध्ये लियाँ येथील मेऱ्यू संस्था नाना ठिकाणांहून वारा गोळा करून त्यांतून अन्य औषधे काढीत असे. तेथूनच जेन्झाइमला माल मिळे. एका रुग्णासाठी वीस हजार माता! त्यांतील कोणीही आपण एका अनोळखी मुलाच्या जीवनाला हातभार लावीत आहोत हे जाणून बाळंत झाली नव्हती. त्यांना कोणी विचारले नाही आणि कोणी काही दिलेही नाही.

आणि भाव काय होता? अधिक मात्रा लागणाऱ्या रुग्णाला वर्षाला साडेतीन लाख डॉलरपर्यंत खर्च येई. तेव्हाचे ते जगातील अत्यंत महागड्या औषधांपैकी एक होते. शोध सरकारी संस्थेत लागलेला, आरंभीचे प्रयोग सरकारी पैशाने झालेले. शिवाय १९८३ च्या कायद्याने विरळ्या रोगांवरील औषध काढणाऱ्या कंपनीला सात वर्षे एकाधिकार दिलेला. यात सरकारचा वाटा किती आणि कंपनीचा किती, हा प्रश्न अमेरिकेतही इतका गाजला की तेथील काँग्रेसच्या तंत्रविज्ञान मूल्यमापन कार्यालयाने १९९२ साली त्यावर स्वतंत्र अहवाल काढला. कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. रुग्ण थोडे, माल मिळविणे जिकिरीचे, कारखाना उभारण्याचा खर्च मोठा. आणि हे औषध चालेल असे अनेक जाणकारांना वाटत नव्हते, तेव्हा तिने धोका पत्करला. हे सारे खरे आहे. परंतु धोका एकट्या कंपनीने पत्करला नव्हता. रुग्णांनीही पत्करला होता, आणि करदात्यांनीही.

वारांवर हा धंदा फार काळ चालणे शक्य नव्हते. रुग्ण वाढले तर जगातील सारी प्रसूतिगृहेही अपुरी पडली असती. शिवाय मानवी रक्तमांसातून काढलेल्या औषधाबरोबर रोगही येऊ शकतो, हा धडा जगाने त्याच सुमारास घेतला होता. १९८० च्या दशकात हिमोफिलियाच्या हजारो रुग्णांना दुसऱ्यांच्या रक्तद्रवापासून केलेल्या औषधातून एड्सची बाधा झाली होती. म्हणून देहातून माल काढण्याऐवजी, देहातील पेशीच बाहेर टाकीत वाढवून तिच्याकडून माल करून घ्यावा, या विचाराला जोर आला.

येथे कोणी विचारील की जंतूंकडूनच का करून घेऊ नये? मानवी इन्सुलिन १९८२ पासून जंतूंकडून करून घेतलेले मिळते. परंतु इन्सुलिन हे लहान, साधे प्रथिन आहे. गोशेचे विकर ४९७ अमिनो आम्लांचे, आणि वर शर्करांच्या साखळ्या. औषधासाठी ज्या जंतूंना कामाला लावतात त्यांना त्या साखळ्या चढविण्याची कला येत नाही. ती सस्तन प्राण्याच्या पेशीला येते. चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातील पेशी अमेरिकेत थिओडोर पक यांनी १९५७ च्या सुमारास वाढविल्या होत्या. या पेशी दणकट आणि पुष्कळ पिढ्या वाढणाऱ्या. त्यांत मानवी जनुक घालून जेन्झाइमने तेच विकर काढले आणि १९९४ साली ते सेरेझाइम या नावाने मान्य झाले. वारांची गरज संपली.

मग मानवी पेशीच का वापरल्या नाहीत? त्याचाही एक इतिहास आहे. १९५१ साली बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातून काढलेल्या पेशी जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत अखंड वाढू लागल्या. तिची संमती कोणी घेतली नव्हती. १९५३ मध्ये टस्कीगी येथे या पेशी मोठ्या प्रमाणावर वाढविण्याचे केंद्र उघडले. तेथे कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञ काम करीत आणि पोलिओची लस पारखण्यासाठी देशभर पेशी पाठवीत. मानवी पेशींचा पहिला कारखाना कोणता, असे विचारले तर आम्ही टस्कीगीकडे बोट दाखवू. परंतु पेशी पारखण्यास वापरणे वेगळे आणि तिच्यापासून औषध करणे वेगळे. अर्बुदाच्या पेशीतून रोग्याला अर्बुदच झाले तर? या भीतीने १९५४ साली अमेरिकेत असे ठरले की लशीसाठी अर्बुदाच्या पेशी वापरावयाच्या नाहीत. ही भीती कित्येक वर्षे टिकली. इंग्लंडमध्ये वेलकम कंपनीने आफ्रिकेतील एका बालकाच्या अर्बुदापासून निघालेल्या पेशी हजारो लिटरांच्या टाक्यांत वाढवून त्यांतून इंटरफेरॉन नावाचे औषधी प्रथिन काढले, तेव्हा ती ओसरू लागली. पेशी औषधात जात नाही, तिने बनविलेले प्रथिनच गाळून शुद्ध करून घेतले जाते, हे हळूहळू पटले.

गोशेच्या रोगासाठी हा मार्ग अमेरिकेतील दुसऱ्या एका कंपनीने धरला. एका पुरुषाच्या अर्बुदातून काढलेल्या पेशींची एक जात प्रयोगशाळांतून चालत आली होती. तिला नाव नाही, बिल्ला आहे : एचटी-१०८०. या पेशीत विकराचे मूळ जनुक होतेच, कारण ती मनुष्याचीच पेशी. परंतु ते मंद चालत होते. शास्त्रज्ञांनी बाहेरून नवे जनुक आणले नाही. आहे त्याच जनुकाच्या पुढे एक खटका बसविला, की ते जोराने चालू लागावे. हॅमस्टरच्या पेशीतून निघालेल्या विकरात ४९७ पैकी एका जागी निराळे अमिनो आम्ल आहे. या मानवी पेशीतून निघालेले विकर माणसाच्या विकराशी अक्षरशः जुळते. शर्करांची टोके नंतर छाटीत बसण्याऐवजी टाकीतच एक द्रव्य घालून साखळी मॅनोजपाशीच अडवून धरण्याची सोय केली.

आता या कारखान्याच्या आत डोकावून पाहू. ठाणे-बेलापूरच्या पट्ट्यातील रसायन कामगाराला रिॲक्टर म्हणजे काय ते सांगावयास नको. हा बायोरिॲक्टरही त्याच जातीचा, परंतु फार नाजूक प्रकृतीचा. स्टेनलेस स्टीलची बंद टाकी; आत ३७ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या अंगाएवढी ऊब. पेशींना ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि क्षार यांचा खुराक. प्राणवायू मोजून सोडावयाचा, आम्लता जपावयाची. ढवळावयाचे तेही हलक्या हाताने, कारण प्राण्याच्या पेशीला वनस्पतीसारखी भिंत नसते. पंख्याचा जोर वाढला तर ती फाटते. मानवी पेशी दुप्पट होण्यास साधारण एक दिवस घेते. जंतू अर्ध्या तासातही दुप्पट होतो. म्हणून एक जंतू आत शिरला तर बघता बघता सारी टाकी त्याची झाली म्हणून समजा. या पेशींचे बियाणे उणे दीडशे अंशांखालच्या थंडीत कुप्यांत राखून ठेवतात. एक कुपी वितळवून, लहान बाटलीतून मोठ्या बाटलीत, तेथून लहान टाकीत, मग मोठ्या टाकीत, असा आठवड्यांचा प्रवास करून पीक तयार होते. त्या टाकीशेजारी अंगभर झगा, तोंडावर पट्टी, हातांत दुहेरी मोजे घालून पाळीपाळीने उभे राहणारे कामगार असतात. वर्तमानपत्रे शोधकाचे छायाचित्र छापतात. परंतु तो जंतू आत शिरू न देणारा हात त्या कामगाराचा असतो.

ही नाजूक यंत्रणा कोलमडली तर काय होते, ते जगाने २००९ साली पाहिले. बॉस्टनमध्ये चार्ल्स नदीच्या काठी ऑल्स्टन येथे जेन्झाइमचा कारखाना होता. जगभराचे सेरेझाइम प्रामुख्याने तेथे होई. आदल्या वर्षी काही वेळा पेशींचे पीक घटले होते. जून २००९ मध्ये कारण सापडले : व्हेसिव्हायरस २११७ नावाचा एक विषाणू. माणसाला तो बाधतो असे आढळलेले नाही. परंतु हॅमस्टरच्या पेशींची वाढ तो खुंटवितो. कच्च्या मालातून तो आत आला असावा, असे कंपनीने सांगितले. कारखाना बंद करून धुवून काढावा लागला. जगभरातील हजारो रुग्णांचे औषध तुटले. मात्रा कमी केल्या, कोणाला आधी द्यावयाचे याच्या याद्या झाल्या. सरकारी तपासणीत पुढे काही कुप्यांत धातूचे आणि रबराचे कणही सापडले. २०१० साली कंपनीने १७ कोटी ५० लाख डॉलर भरण्याचे मान्य केले आणि कारखाना न्यायालयाच्या हुकुमाखाली देखरेखीत आला.

गिरणी बंद पडली की कामगाराची चूल विझते, हे आपण मुंबईत पाहिले आहे. परंतु येथे कामगार संपावर नव्हते. एक सूक्ष्म विषाणू टाकीत शिरला आणि देशोदेशींच्या आजारी मुलांचे औषध थांबले. ज्या वस्तूवर माणसाचा जीव टांगला आहे ती सारी एकाच कारखान्यातून यावी, ही व्यवस्था मुळातच चुकीची आहे. ती विषाणूने निर्माण केली नव्हती. एकाधिकाराने केली होती.

या आणीबाणीत मानवी पेशींचे औषध उपयोगी पडले. मान्यता मिळण्याच्या आधीच विशेष परवानगीने ते रुग्णांना देऊ लागले, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये व्हीप्रिव्ह या नावाने त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१२ मध्ये गाजराच्या पेशींतून काढलेले तिसरे औषधही मान्य झाले. ते इस्राएलमधील एका कंपनीचे. म्हणजे एकच विकर आता हॅमस्टरच्या, माणसाच्या आणि गाजराच्या पेशींतून निघू लागले. एक टाकी नासली तरी दुसरी आहे, एवढा दिलासा मिळाला. मालक मात्र बदलत राहिले. जेन्झाइम २०११ मध्ये सानोफीने घेतली. व्हीप्रिव्हची शायर कंपनी २०१९ मध्ये जपानच्या ताकेदाकडे गेली. टाक्या त्याच, पेशी त्याच, पाटी नवी. आणि भाव? तो गरिबाच्या आवाक्यात कोणत्याच पाटीखाली आला नाही.

पेशी कोणाची, याचाही निवाडा न्यायालयांत झाला आहे. १९७६ साली कॅलिफोर्नियात जॉन मूर नावाच्या रोग्याची प्लीहा काढली आणि तिच्या पेशींपासून डॉक्टरांनी स्वामित्वहक्काची पेशींची जात तयार केली. १९९० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डॉक्टरने आपला हेतू रोग्याला सांगावयास हवा होता. परंतु काढलेल्या पेशींवर रोग्याची मालकी नाही. देहापासून सुटताच पेशी रोग्याची राहत नाही; प्रयोगशाळेत शिरताच मात्र ती दुसऱ्याची मालमत्ता होऊ शकते. हेन्रिएटा लॅक्सच्या वारसांशी एका मोठ्या कंपनीने तडजोड केली ती २०२३ मध्ये, म्हणजे बहात्तर वर्षांनी.

आता तिसरा प्रश्न : माल कोणाच्या घरी जातो? दिल्लीत एका रिक्षा ओढणाऱ्या मजुराच्या मुलाला गोशेचा रोग होता. औषध दरमहा काही लाख रुपयांचे. हे मूल उच्च न्यायालयात गेले आणि १७ एप्रिल २०१४ रोजी न्यायमूर्ती मनमोहन यांनी निर्णय दिला की आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि पैसा नाही असे सांगून सरकारला आपले मूलभूत कर्तव्य टाळता येणार नाही. कंपन्यांच्या दानयोजनांतूनही आपल्या देशातील काही रुग्णांना औषध मिळत आले आहे; ते आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. परंतु दान देणाऱ्याच्या मर्जीने येते आणि मर्जीनेच थांबते. हक्काचे तसे नाही. राज्य कामगार विमा योजनेतून विमेदार कामगारांच्या काही मुलांना हेच विकर मिळाले आहे. ते दान नव्हे. सर्वांच्या पगारातून कापलेल्या आणि मालकांनी भरलेल्या वर्गणीतून, हजारो निरोग्यांनी एका रोग्याला दिलेला तो हात आहे. संघटना म्हणजे दुसरे काय असते?

२०२१ मध्ये केंद्र सरकारने विरळ्या रोगांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयाला त्यात एक प्रमुख केंद्र नेमले. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाख रुपये करण्यात आली. रक्कम मोठी दिसते. परंतु हे विकर जन्मभर, दर पंधरवड्याला शिरेतून घ्यावे लागते, आणि त्याची मात्रा वजनावर ठरते. मूल जसे वाढेल तसे औषध वाढते. म्हणजे औषधाने मूल धट्टेकट्टे झाले की मर्यादा अधिकच लवकर संपते! ज्या धोरणात मुलाची वाढ हाच गुन्हा ठरतो, ते अपुरे आहे असे म्हणण्यास तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

याला उपाय आहे. १९९४ सालचे ज्ञान आज गुप्त राहिलेले नाही. दक्षिण कोरियातील एका कंपनीने हे विकर स्वतः तयार करून विकावयास काढले. आपल्याकडे टाक्या आहेत, त्या चालविणारे कामगार आहेत, तंत्रज्ञ आहेत. परळला हाफकिनच्या नावाची संस्था आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगने मुंबई ओस पडत असता तेथे सार्वजनिक पैशाने लस झाली, आणि ती परवडते कोणाला हे पाहून टोचली गेली नाही. जे प्लेगच्या वेळी शक्य झाले ते आज अशक्य का मानावे? सार्वजनिक मालकीची एखादी टाकी या विकरासाठी चालली, तर बाजारभावाला लगाम बसेल आणि परदेशातील टाकी नासली तरी येथील मुलाचे औषध तुटणार नाही.

मित्रहो, या औषधात फ्रान्समधील वैद्य आहे, अमेरिकेचा सरकारी शास्त्रज्ञ आहे, कंपनीचे भांडवल आहे, पाळीवर उभा राहणारा कामगार आहे. परंतु त्यांच्याही आधी त्यात वीस-वीस हजार अनामिक माता आहेत आणि एचटी-१०८० हा बिल्ला मागे ठेवून गेलेला एक माणूस आहे. इतक्यांच्या देहातून आणि कष्टांतून जे निर्माण झाले ते कोणा एकाचे नाही. ते ज्याला लागते त्याला मिळालेच पाहिजे, आणि त्यासाठी त्याला कोर्टाची पायरी चढावी लागू नये. हे घडवून आणण्याचे काम प्रयोगशाळेचे नाही. ते तुमचे आमचे आहे.